घर हलवताना गाडी कोणती, माणसं कोणाची?

फ्रिजला पोचा रस्त्यात क्वचितच पडतो. पडतो तो जिन्यात, गाडीच्या फाळक्यावर नाहीतर गोदामात. म्हणून दर विचारण्याआधी एक आकडा काढावा: जुन्या घरातून निघून नव्या घरात टेकेपर्यंत प्रत्येक नग किती वेळा उचलला जाणार? थेट गाडीत सामान एकदा चढतं, एकदा उतरतं. शेअर लोडमध्ये, म्हणजे अनेकांचं सामान एकाच ट्रकमधून जातं तेव्हा, घरापासून गोदामापर्यंत छोटी गाडी, पुढे मोठा ट्रक आणि तिथून नव्या घरापर्यंत पुन्हा छोटी गाडी, म्हणजे तीन गाड्या आणि सहा उचली.

गावातल्या गावात किंवा लातूर–धाराशिव, जालना–संभाजीनगर एवढ्या अंतरासाठी टेम्पो आणि हमाल पुरेसे. छोटा हत्ती (टाटा एस टेम्पो) साधारण 750 किलो घेतो आणि त्याचा हौदा 7 फुटांच्या आसपास असतो. एका खोलीचं बिऱ्हाड त्यात बसतं. पण आपल्याकडच्या घरांत वजन कुठे असतं ते लक्षात घ्या. वर्षाची ज्वारी-गहू मिळून 5 क्विंटल असेल तर 500 किलो तिथेच गेले. वर लोखंडी कपाट 70-80 किलोचं, इन्व्हर्टरची मोठी बॅटरी 50-60 किलोची. जागा दिसते रिकामी, पण वजनाने गाडीचे पाटे (स्प्रिंगा) बसलेले असतात. धान्याची पोती वेगळ्या फेरीत न्या, नाहीतर सरळ पिकअप घ्या. डबल बेड, वॉशिंग मशीन, कपाट असलेल्या वन बीएचकेला टाटा 407 बरी, टू बीएचकेला 14 फुटी आयशर ट्रक, थ्री बीएचकेला 17 फुटी. पत्र्याचा कूलर, पाण्याचे ड्रम आणि सिंटेक्सची टाकी मोजायला लोक हमखास विसरतात. ड्रममध्ये गाद्या-वाकळा कोंबल्या तर निदान त्यांची जागा वाया जात नाही.

मोंढ्यावरचे (धान्यबाजारातले) हमाल वजनाला पक्के असतात. शंभर किलोचं पोतं त्यांना नवीन नाही. काचेचा, टीव्हीचा आणि फर्निचर खोलण्याचा सराव मात्र त्यांना असेलच असं नाही. म्हणून टेम्पोवाला मार्ग धरला तर बांधणी स्वतः करा आणि कपाटाचा आरसा आदल्या दिवशीच काढून ठेवा. बोलणी करताना मजला, लिफ्ट आणि गाडी दारापासून किती लांब थांबणार, हे तिन्ही सांगा. संभाजीनगरच्या गुलमंडीच्या बोळात किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या गर्दीत आयशर दारापर्यंत जाणार नाही. तिथे शंभर पावलं सामान वाहायचं निघालं की ठरलेली हमाली मोडते आणि भांडण सुरू होतं.

पुणे, मुंबई, हैदराबादसारख्या लांबच्या पल्ल्याला पॅकर्स घेणं रास्त, पण पूर्ण गाडीचे. सामान निम्म्या ट्रकचंच असेल तर शेअर लोडपेक्षा परतीची गाडी शोधावी. माल उतरवून रिकामी परतणारी गाडी कमी भाड्यात मिळते आणि उचली दोनच राहतात. अट एवढीच की तारीख तिच्या सोयीची. शेअर लोड भांडी, कपडे, पुस्तकं यांना चालतो. प्लायवुडचं किंवा पार्टिकल बोर्डाचं फर्निचर त्यात घालू नये. पार्टिकल बोर्डातले स्क्रू एकदा निघाले की दुसऱ्यांदा नीट धरत नाहीत.

पॅकर्स निवडताना फोनवरच्या दरावर विसंबू नका. माणूस घरी येऊन यादी करून गेला पाहिजे, नाहीतर सामान चढल्यावर 'साहेब, हे तर जास्त निघालं' ऐकायची तयारी ठेवा. आंतरजालावर नामांकित नावांशी मिळतीजुळती नावं भरपूर आहेत, आणि तिथे दिलेला नंबर बऱ्याचदा दलालाकडे जातो. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकून नाव जुळतं का बघा. पॅकिंगसह सेवेवर 18 टक्के जीएसटी लागतो. तो दरात धरलाय की वर, हे लिहून घ्या.

विम्याच्या नावाखाली टक्केवारी घेतली जाते. विमा कंपनीची पॉलिसी हातात पडली तरच तो विमा. तीसुद्धा फक्त अपघात-आगीची आहे की मोडतोडीचीही, ते वाचा. सामानाची किंमत बिल्टीवर (वाहतूकदाराच्या मालपावतीवर) आधी नोंदवली नसेल, तर 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखाली भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित राहते. दाव्याची लेखी नोटीस बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत द्यावी लागते. त्यासाठी नग क्रमांकासह यादी आणि बांधण्याआधीचे फोटो लागतात. घरगुती वापरलेल्या सामानाला ई-वे बिल लागत नाही, तरी हैदराबादकडे जाताना यादी आणि बिल्टी चालकाजवळ असू द्या.

काही वस्तू कोणत्याही सेवेवर सोडायच्या नाहीत. परगावी जाताना गॅसची टाकी आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून पावती घ्या, अनामत परत मिळते. एसी उतरवण्याआधी मेकॅनिककडून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्या. फ्रिज आदल्या रात्री बंद करून कोरडा करा आणि उभाच न्या. आडवा करावाच लागला, तर नव्या घरी काही तास उभा ठेवून मग चालू करा. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचे वाहतुकीचे बोल्ट अडगळीत पडलेले असतात, ते शोधून लावल्याशिवाय मशीन हलवू नका. बॅटरीतलं आम्ल सांडतं, म्हणून ती उभी आणि कपड्यांपासून लांब ठेवा. दुचाकी रेल्वेने पाठवायची असेल तर टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढा आणि आरसीची प्रत सोबत द्या.

एप्रिल-मेमध्ये बदल्या आणि लग्नसराई एकाच वेळी येतात, गाड्या आठवडाभर आधी सांगाव्या लागतात. चढवणं पहाटे पाचला सुरू करा. दहानंतर पत्र्याचा हौदा इतका तापतो की खोक्यांवरचा चिकटपट्टीचा डिंक सुटतो, आणि माणसंही नग ठेवायचे सोडून टाकायला लागतात.