जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल: कुर्ला, नागदेवी, ऑपेरा हाऊस

पावसाळ्यात मुरबाड-कर्जतकडचे ओढे पार करणाऱ्या मारुती जिप्सींचं ठरलेलं दुखणं म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये शिरलेलं पाणी. आमच्या जिप्सी किंगला यंदा ते लागलं. वेग जरा वाढला की स्टेअरिंग थरथरायचं. फोर-व्हील टाकून पूर्ण वळवलं की डाव्या चाकातून कटकट, आणि हब लॉक (पुढची चाकं शाफ्टला जोडलेली) असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिफरन्शियलमधून (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यातून) घुमल्यासारखा आवाज. याचं सगळं सामान मुंबईतच मिळतं, फक्त कुठली वस्तू कुठे घ्यायची हे पक्कं हवं.

गाडी कुर्ल्याला सीएसटी रोडच्या मागच्या गल्लीत आमचे मिस्त्री आबांकडे खोलली. मी यादी करूनच गेलो होतो. आबा म्हणाले, "यादी ठेव खिशात बाळा. आधी खोलू, मग काय आणायचं ते सांगतो." नकलचा, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्याचा, मोठा सील निघाला आणि आतून ताकासारखं पांढुरकं ग्रीस ओघळलं. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायची वाट, चिखलाने बुजलेला असेल तर तिची भरपाई सीलच्या कडेने शिरणारं पाणी करतं. आमचा ब्रीदर गच्च बुजला होता.

किंगपिनच्या (नकल ज्यावर वळतो त्या खुंटीच्या) बेअरिंगचे कप, म्हणजे बाहेरच्या कड्या, आबांनी रॉकेलने पुसून उजेडात धरले. आत रोलरच्या बारीक रेघा, एकीशेजारी एक, नखाला लागतील इतक्या खोल. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे रोलर त्याच जागी दणके देत बसतात. अशा कपवर शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून थरथर जात नाही. चारही बेअरिंगं कपासकट बदला. टायर बॅलन्सिंग आणि स्टेअरिंग डॅम्परवर पैसे घालण्याआधी हे तपासा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जुने पार्ट धुऊन, डाव्या-उजव्याच्या चिठ्ठ्या बांधून सोबत घ्या. डिफरन्शियल मधोमध नसतं, त्यामुळे दोन्ही शाफ्टची लांबी वेगळी असते.

बेअरिंगसाठी नागदेवीचा बाजार. कुर्ल्याहून हार्बरने मशीदला उतरायचं, तिथून चालत थोडंच अंतर. रविवारी जाऊ नका, बाजार बंद असतो. दुकानात गाडीचं नाव सांगण्यापेक्षा बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर सांगा, म्हणजे घोळ होत नाही. खोकं भारी असलं म्हणून माल अस्सल असेलच असं नाही. नंबर स्वच्छ कोरलाय का ते बघा, बेअरिंग फिरवून बघा आणि बिल मागा. बिलाला टाळाटाळ झाली तर पुढच्या दुकानात जा.

तिथून ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांकडे टॅक्सी करा. शहराच्या या भागात रिक्षा चालत नाहीत. नकलचे सील, अ‍ॅक्सलचे आतले ऑइल सील, गॅस्केट आणि चाकाकडचा सहा गोळ्यांचा जॉइंट इथे मिळाला. काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "४१० की ४१३?" १९८५ साली आलेली एक लिटरची जिप्सी ४१० आणि १९९६ नंतरची १.३ लिटरची किंग ४१३. सील मात्र कंपनीचेच घ्या. स्वस्त सीलचं रबर कडक असतं, ते नकलच्या गोल पृष्ठभागाला नीट चिकटत नाही. जॉइंट घेताना शाफ्टच्या आऱ्या (टोकावरच्या उभ्या खाचा) जुन्याशी मोजून घ्या.

क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली दातेरी चाकांची जोडी, आम्ही कुर्ल्यातच जुनं घेतलं. शुक्रवारी नमाजाच्या वेळी काही दुकानं थोडा वेळ बंद असतात, तेवढं धरून निघा. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीनं घासलेले असतात, म्हणून दोघांवरचा जोडीचा नंबर जुळला पाहिजे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दात मोजा. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागल्यावर येणारा आकडा मागच्या अ‍ॅक्सलचाही तोच हवा. तो वेगळा असेल तर फोर-व्हीलमध्ये पुढची-मागची चाकं एकमेकांशी झुंजतात आणि ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरबॉक्स) तुटायची वेळ येते. एका दुकानदाराने "सगळे सारखेच" म्हणून पुढे केलेला जोड आबांनी दात मोजूनच परत केला. जुना नकल किंवा हब घ्यायला हरकत नाही, पण जुना सील किंवा बेअरिंग फुकट मिळालं तरी नको.

बसवताना आबांनी डायल गेज (बारीक फरक मोजणारं घड्याळ) लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, ०.१० ते ०.१५ मिलिमीटरमध्ये आणला, दातांना निळा रंग लावून क्राऊन फिरवला आणि ठसा दाताच्या मधोमध येईपर्यंत शिम बदलत राहिले. यात बराच वेळ जातो. मिस्त्रीच्या मागे घाई लावू नका, आणि ज्याच्याकडे डायल गेजच नाही त्याला डिफरन्शियल खोलू देऊ नका.

पुढच्या डिफरन्शियलला सुमारे २ लिटर जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० गिअर तेल लागतं. भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत आलं की थांबायचं. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच बांधा. खर्च किरकोळ, पण इंजिन बेमध्ये तिला घासणारं किंवा तापणारं काही जवळ नको. पहिल्या फेरीनंतर दोन्ही हबला हात लावा. एक दुसऱ्यापेक्षा जास्त तापत असेल तर व्हील बेअरिंग घट्ट झालंय, लगेच सैल करून घ्या. आणि ओढा पार केल्यावर घरी आलात की गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी ड्रेन प्लग थोडा सैल करा. पाणी तळाशी बसतं, त्यामुळे असेल तर तेच आधी बाहेर येतं.