तुम्ही विचारलंत म्हणून: बी का नाही लावले?

जुन्या घराच्या परसातील कागदी लिंबाला मी गुट्या बांधल्या होत्या, म्हणजे फांद्यांना झाडावरच मुळ्या फोडून नवी रोपे केली होती, हे ज्यांना ठाऊक आहे त्या प्रत्येकाने मला केव्हा ना केव्हा एकच प्रश्न विचारला आहे: लिंबाचे बी मातीत टाकले तरी उगवते, मग फांदी सोलण्याचा आणि शेवाळ गुंडाळण्याचा हा उपद्व्याप कशासाठी? आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता एकदाच सविस्तर सांगते.

प्रश्न अडाणीपणाचा नाही, हीच माझी खरी अडचण आहे. कागदी लिंबाच्या एका बीतून पुष्कळदा दोन-तीन रोपे निघतात आणि त्यांतील बहुतेक परागीभवनातून न येता मातृवृक्षाच्याच ऊतींपासून तयार झालेली असतात. कमजोर रोपे काढून जोमदार तेवढी ठेवली, की आईचेच गुण मिळण्याची शक्यता मोठी असते. आपल्याकडच्या लिंबाच्या बागा प्रामुख्याने रोपांवरच उभ्या राहिल्या, त्या याच भरवशावर. शिवाय ट्रिस्टेझासारखा विषाणू बियांवाटे सहसा पुढे जात नाही; फांदीवाटे मात्र तो गुटीत जसाच्या तसा येतो. हे सगळे मी मान्य करते.

गुट्या बांधल्या त्या पावसाळ्यात मी हे मान्य करीत नव्हते. ‘बियांचे रोप म्हणजे सोडत’ असे मी ठासून सांगत असे. झाड पपनसाचे किंवा महाळुंगाचे असते तर ते बोलणे शोभले असते, कारण त्यांच्या बीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून आलेला असतो. कागदी लिंबाला ते लागू नव्हते आणि मला ते माहीत नव्हते असेही नाही. खरे कारण चारचौघांत सांगण्यासारखे वाटत नव्हते, म्हणून शास्त्र पुढे केले. घर विकले गेले होते, नवा मालक झाड ठेवणार नव्हता आणि सासूबाईंनी ऐंशी ओलांडली होती. बियांचे झाड फळाला यायला पाच-सहा वर्षे घेते. गुटीचे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी धरते. हा हिशेब त्यांच्यासमोर कोण मांडणार?

कृतीत गूढ काही नाही. पेन्सिलीच्या जाडीच्या फांदीवरून इंचभर रुंदीची सालीची अंगठी काढायची, आतील हिरवट बुळबुळीत थर खरवडून टाकायचा, ओले शेवाळ पिळून गोळा बसवायचा, वर प्लास्टिक घट्ट गुंडाळून दोन्ही टोके सुतळीने बांधायची. लाकडातून पाणी वर चढत राहते, पानांतून उतरणारा अन्नरस मात्र कापाशी अडतो आणि तेथेच मुळ्या फुटतात. खरवडण्यात कुचराई झाली तर साल पुन्हा सांधते आणि फांदी जशी होती तशीच राहते. साधारण दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळ्या दिसू लागतात.

गुट्या लागल्या. वर्षभर पिशवीत सावलीत वाढवून त्यांतील सर्वांत जोमदार रोप नणंदेच्या मळ्यात लावले. त्याच झाडाची बियांची रोपे नणंदेनेही केली होती, त्यांतले एक तिने शेजारीच लावले. तिसऱ्या उन्हाळ्यात माझे झाड आंबे बहराने, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यातून धरलेल्या लिंबांनी, वाकले होते आणि तिच्या झाडाला काट्यांखेरीज काही नव्हते. त्या दिवसांत मी जरा जास्तच बोलले असेन.

मग वळवाचा पाऊस आला. दुपारभर उकाडा, संध्याकाळी वावटळ आणि पाठोपाठ गारा. सकाळी जाऊन पाहिले तर माझे झाड मुळासकट आडवे झाले होते आणि तिचे झाड पाने फाटून का होईना, उभे होते. आळ्यात बसून मी मुळे पाहिली. सोटमूळ गुटीला नसतेच, ते अपेक्षितच होते. परंतु आडवी मुळेही जवळजवळ सगळी एकाच बाजूला होती. बांधलेली फांदी तिरपी होती, म्हणून ओल खालच्या अंगाला राहिली असावी. नणंद शांतपणे म्हणाली, “वहिनी, बी लावलं असतंत तर खाली सोट गेला असता.” तिला काय उत्तर द्यावे, हे मला अजून सुचलेले नाही. पडलेली हिरवी लिंबे आम्ही वेचली, झाड उभे करून बांबूचा आधार दिला, निम्म्या फांद्या छाटल्या, मुळांवर माती चढवली. सासूबाईंनी एक लिंबू कापून पाहिले आणि रस कमी असल्याचे सांगितले. उरलेल्यांचे त्यांनी स्वतः बसून लोणचे घातले.

झाड जगले, तिरके का होईना. बियांचे झाड फळाला आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. आज दोन्ही झाडांची लिंबे एका टोपलीत टाकली तर मला ओळखता येत नाहीत. नणंद मात्र ओळखता येतात असे म्हणते आणि तिचे झाड माझ्या झाडापेक्षा जास्त वर्षे टिकेल असेही म्हणते. कदाचित टिकेल. कुंडीत लावायचे असेल तर उथळ मुळांची गुटीच बरी, हे मी आजही म्हणेन. उघड्या माळावर काय म्हणावे, याविषयी माझे मत दर उन्हाळ्यात बदलते.

येत्या आषाढात ज्यांना गुटी हवी असेल त्यांना मी बांधून देईन. आधाराचा बांबू मात्र ज्याचा त्याने आणावा, आणि बियांविषयी काही विचारायचे असेल तर नणंदेला विचारावे.