अमनजोतचा तो झेल

महिला क्रिकेट विश्वचषकाची फायनल म्हटलं की सगळे शेफालीच्या ८७ धावांबद्दल बोलतात. बोलावंच! प्रतिका रावल जखमी झाली म्हणून ऐनवेळी आलेली पोर ती. पण माझ्या डोळ्यांसमोरून अमनजोतचा झेल हलत नाही.

२ नोव्हेंबर २०२५, डी. वाय. पाटील स्टेडियम. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार वुलफार्ट शतक ठोकून उभी होती आणि ती आहे तोवर आमच्या जिवात जीव नव्हता. दीप्तीचा चेंडू तिनं उंच टोलवला. अमनजोत धावली, चेंडू हातातून उडाला, पुन्हा निसटला, तिसऱ्यांदा पडता पडता तिनं धरलाच! शेजारच्या अनोळखी काकूंनी मला कडकडून मिठी मारली.

पुढे दीप्तीचे पाच बळी झाले आणि ५२ धावांनी जिंकलो. आमच्या सांगलीच्या स्मृती मानधनाच्या हातात एकदाचा विश्वचषक आला!