शुक्रवारी रात्री वाल भिजत घालावेत

निवृत्त झाल्यावर सोमवारची धास्ती जाते, हे सगळे सांगतात. तिच्याबरोबर शनिवारही जातो, हे कोणी सांगत नाही. सातही दिवस सारखे झाले की रविवारची मजा आपोआप उरत नाही, ती मुद्दाम आखावी लागते. त्यातली मेख अशी, की शनिवार-रविवार भरण्याआधी तो रिकामा करावा लागतो.

रिकामा म्हणजे कामांपासून. बँक, पेन्शन, रक्ततपासणी, गॅसची तक्रार, प्लंबर ही सगळी मंडळी मंगळवार ते गुरुवारात बसवायची. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंदच असतात, उरलेल्या शनिवारी नोकरदारांची रांग असते. आपल्याला बुधवारी सकाळी अकराला जाता येतं, मग त्या रांगेत कशाला उभं राहायचं? हयातीच्या दाखल्याचंही तसंच. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना तो नोव्हेंबरात द्यायचा असतो, ऐंशी ओलांडलेल्यांना 1 ऑक्टोबरपासून देता येतो. ईपीएसवाल्यांचा, म्हणजे पीएफ कार्यालयाकडून पेन्शन घेणाऱ्यांचा, दाखला तर दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो, म्हणजे नोव्हेंबरची गर्दी टाळणं त्यांच्याच हातात आहे. फोनवर चेहरा दाखवून घरबसल्याही तो होतो. तिथे फसतं ते बहुधा खिडकीकडे पाठ करून बसल्यामुळे. उजेड चेहऱ्यावर हवा, पाठीमागून नको.

सहलींचंही उलटं करावं. रविवारी सिंहगडच्या घाटात गाड्यांच्या रांगेत जाणारा वेळ मंगळवारी गडावर बसून घालवता येतो. एसटीत 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट आणि 75 पूर्ण झालेल्यांना राज्याच्या हद्दीत फुकट प्रवास. बायकांना तर वय न बघता अर्धं तिकीट. ही सवलत आठवड्याच्या मधल्या दिवशी, खिडकीची जागा मिळवून वापरावी. वय दाखवणारं ओळखपत्र मात्र बरोबर हवंच. एक अडचण लक्षात ठेवायची: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. संभाजीनगरला मुक्काम करून दोन्ही बघायची तर बुधवार-गुरुवार धरावा. घारापुरीही सोमवारी बंद असते.

मग शनिवार-रविवारी करायचं काय? ज्या गोष्टींना माणसं लागतात त्या. मुलं, सुना, जावई, नातवंडं याच दोन दिवशी मोकळी असतात. पण ती आली की एकजण फोनमध्ये, एकजण टीव्हीपुढे, आणि आजी स्वयंपाकघरात, असं होऊ द्यायचं नसेल तर सगळ्यांच्या हाताला एक काम हवं. माझ्या मते वालाच्या बिरड्याइतकं, म्हणजे मोड आणून सोललेल्या वालांच्या उसळीइतकं, या कामाला लायक दुसरं काही नाही. ते शुक्रवारी सुरू होतं, रविवारी संपतं आणि सोलायला चार हात मागतं.

पाच-सहा माणसांना पाव किलो कडवे वाल पुरतात. शुक्रवारी रात्री जेवणं झाली की निवडून, धुऊन, वालांच्या वर चार बोटं येईल एवढ्या पाण्यात भिजत घालायचे. भांडं मोठं घ्या, वाल दुपटीहून जास्त फुगतात. शनिवारी सकाळी ते पाणी फेकायचं आणि दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन ओल्या पंच्यात बांधायचे. पुरचुंडी चाळणीत, चाळणी पातेल्यावर, वर झाकण. पाणी निथळायला जागा मिळाली नाही तर वाल बुळबुळीत होतात आणि वास मारतात. बिरडं बिघडण्याचं पहिलं कारण हेच. पुरचुंडी फार आवळूनही बांधू नये, मोडांना जागा लागते. संध्याकाळी एकदा पाण्याचा हात मारायचा. एप्रिल-मेमध्ये शनिवारी रात्रीच मोड दिसतात. डिसेंबर-जानेवारीत रविवारी सकाळीही नुसते टोक आलेलं असतं, म्हणून थंडीत गुरुवारी रात्रीच भिजवावेत आणि पुरचुंडी कुकरमध्ये झाकून ओट्याच्या उबेला ठेवावी.

अर्धा पेर मोड आला की रविवारी सकाळी वाल कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवायचे. कोमट म्हणजे बोट सहज बुडवता येईल इतकं. कढत पाणी ओतलं तर डाळिंबी, म्हणजे सालीतला वालाचा दाणा, अर्धवट शिजते आणि सोलताना दुभंगते. आता परात मध्ये, भोवती माणसं. मोडाच्या विरुद्ध टोकाला चिमटीत दाबलं की डाळिंबी सालीतून सुटून बाहेर उडी मारते. सात-आठ वर्षांच्या मुलांना हे दोन मिनिटांत जमतं आणि त्यांची शर्यतही लागते. एकट्याला तास-सव्वा तास लागणारं काम चौघांत गप्पांबरोबर आटोपतं. ज्यांची बोटं सांधेदुखीने आखडलेली आहेत त्यांनी खडे आणि न फुगलेले गणंग वाल वेचायचं काम घ्यावं. तेही तितकंच गरजेचं, कारण एक गणंग दाताखाली आला की कवळीचा खर्च निघतो.

फोडणीत मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, हवा तर कांदा. डाळिंब्या परतून बेताचं गरम पाणी घालायचं, ताटली झाकून ताटलीतही पाणी ठेवायचं आणि मंद आचेवर शिजवायचं. आमसूल आणि गूळ डाळिंबी बोटाने दाबली जाईल इतकी मऊ झाल्यावरच घालावेत. आंबट आधी पडलं की ती दडस राहते, मग कितीही शिजवा. डावाने ढवळू नये, पातेलं दोन्ही कानांना धरून हलवावं. शेवटी ओलं खोबरं, कोथिंबीर. कुठल्याही घरात या क्षणी ‘आमच्याकडे असं करत नाहीत’ हे वाक्य येतंच. येऊ द्यावं.

दुपारच्या झोपेनंतरचा तास जुन्या फोटोंना द्यावा. इथे निवृत्त माणसाकडे असं काही आहे जे घरात दुसऱ्या कोणाकडेच नाही: फोटोतल्या माणसांची नावं. सगळे अल्बम जमिनीवर पसरून बसलात तर संध्याकाळपर्यंत पसारा होईल आणि काम पुढच्या दिवाळीवर जाईल. एका रविवारी दहाच फोटो. वर्षात पाचशेच्या वर होतात.

आधी काळेपांढरे नव्हे, सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो घ्या, त्यांचे रंग उडत चाललेले असतात. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो नखाने उचकटला की कोपरा फाटतो. दात साफ करायचा फ्लॉसचा धागा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू ओढायचा. तरी निघाला नाही तर वरचं प्लास्टिक उचलून तिथेच फोनने टिपायचा. फोटो काळ्या कागदावर, खिडकीशेजारी पण थेट उन्हात नाही, फ्लॅश बंद, फोन फोटोला समांतर. चकाकी दिसली तर फोटोची दिशा बदला. मागे बॉलपेनने लिहू नका, अक्षरं पुढच्या बाजूला उमटतात. जुन्या जाड कागदावर मऊ शिसपेन्सिल चालते. गुळगुळीत पाठीवर ती उमटत नाही, तिथे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून फोटोबरोबर पाकिटात ठेवायचं.

नावं डावीकडून उजवीकडे, आणि बायकांची दोन्ही: माहेरचं आणि सासरचं. नुसतं ‘कुसुमआत्या’ लिहिलं तर चाळीस वर्षांनी ती कोणाची आत्या हे कोणाला कळणार? फाइलला नाव देताना वर्ष आधी घालावं, ‘1974_मुंज_डोंबिवली_03’ असं, म्हणजे फोटो आपोआप काळानुसार लागतात. हे काम नातवाकडे द्यावं. आपण बोलत असताना त्याने फोनवर रेकॉर्डिंगही चालू ठेवावं, कारण मुंजीच्या फोटोतून निघालेलं भांडण कागदावर कोणी लिहून काढत नाही.

ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांनी परात आणि फोटो दोन्ही व्हिडिओ कॉलसमोर मांडावेत, पण वेळ पक्की करून. आपल्या रविवारी सकाळी आठला कॅलिफोर्नियात शनिवारची संध्याकाळ असते, उन्हाळ्यात साडेसात, हिवाळ्यात साडेसहा. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेनऊ, म्हणजे लहान मुलं झोपलेली. त्यांच्यासाठी आपली रविवार संध्याकाळ बरी. लंडनला आपल्या दुपारी अडीचला उन्हाळ्यात सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, इंग्लंडमधली मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या चार तारखा कालनिर्णयावर आधीच लाल पेनाने खुणावून ठेवा, नाहीतर इकडे आपण तासभर फोनकडे बघत बसतो आणि तिकडे ते.

सोललेल्या डाळिंब्या उरल्या तर झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये दोन दिवस नीट राहतात. मंगळवारी भातात घालून खिचडी करावी. तोवर घरात दोघंच असतात, मूठभर पुरतात.