काढ्याचं कोणी विचारलंच नव्हतं

पुण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये मी डाएटिशियन आहे, पोटविकार आणि लिव्हरचा वॉर्ड माझ्याकडे असतो. ऍडमिट झालेल्या पेशंटपाशी बसायचं, काल सकाळपासून रात्री झोपेपर्यंत पोटात काय काय गेलं ते विचारायचं आणि त्यावरून जेवण ठरवायचं, हे माझं रोजचं काम. लोकांना वाटतं यात काय एवढं, पण लिव्हरच्या पेशंटमध्ये कधी कधी अख्खी केस याच प्रश्नावर उलगडते, आणि ही तशीच एक होती.

इंदापूरकडच्या काकू, पन्नाशीच्या. डोळे पिवळेजर्द, अंगाला खाज, लघवी गडद, ताट समोर आलं तरी मळमळ. बिलिरुबिन, म्हणजे कावीळ दाखवणारं रक्तातलं पिवळं द्रव्य, 14, जे साधारण 1.2 च्या आत असायला हवं, आणि लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं ते एसजीपीटी हजाराच्या वर. दारूचा तर प्रश्नच नाही. पावसाळा होता म्हणून आधी हिपॅटायटिस ए आणि ई बघितलं, म्हणजे खराब पाण्यातून होते ती कावीळ, तर ते निगेटिव्ह, मग बी, सी, तेही निगेटिव्ह, सोनोग्राफीत खडा नाही, पित्ताची नळी कुठे अडकलेली नाही. औषधं विचारली तर फक्त थायरॉईडची गोळी, ती कित्येक वर्षं चालू. "बाकी काही घेता का?" "नाही." डॉक्टरांनी दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा हेच उत्तर.

काकू खोटं बोलत नव्हत्या हे मला आधी सांगायचंय. दुपारी मी त्यांच्याजवळ बसले, सून पण होती, आणि मी नेहमीसारखं पहाटेपासून सुरू केलं. काकू, उठल्यावर चहाच्या आधी काय घेता? तर म्हणाल्या, "आधी काढा की." कसला? "गुळवेलीचा. आमच्या बांधावरच्या कडूलिंबावर चढलीया, लिंबावरची लई गुणाची असती. वीतभर कांडी ठेचायची, पाण्यात उकळून निम्मं करायचं, रोज पेलाभर." कधीपासून? "संक्रांतीपासनं असंल." म्हणजे सहा महिने तरी झाले होते. मग सून म्हणाली, मॅडम ती पावडर पण आहे ना, आमच्या ह्यांनी ऑनलाईन मागवलेली, लिव्हर साफ करायची. डब्याचा फोटो मोबाईलवर दाखवला, त्यावर पाचसहा वनस्पतींची नावं, प्रमाण कशाचंच नाही.

हे सगळं कशासाठी तर गावात आरोग्य शिबिरात सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टवर ग्रेड वन फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये थोडी चरबी, असं लिहून आलं. तिथे कोणी बसून समजावलं नाही, घरी घाबरले, मोबाईलवर शोधलं, आणि लिव्हर चांगलं राहावं म्हणून काढा सुरू झाला. त्यांच्या हिशेबात काढा हे औषध नव्हतंच आणि जेवण पण नव्हतं, म्हणून दोन्ही प्रश्नांतून तो निसटला.

मी तिथूनच डॉक्टरांना फोन केला. गुळवेल म्हटल्यावर ते लगेच वर आले, कारण हे आम्हाला नवीन नव्हतं. कोविडमध्ये इम्युनिटीसाठी घराघरात गुळवेल पोचली आणि 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, नंतर देशातल्या 13 सेंटर्सनी मिळून अशा 43 पेशंटची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्या मुंबईच्या अभ्यासावर आक्षेप घेतला होता, की वनस्पती नीट ओळखलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. तो मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही, पण वॉर्डात पेशंट समोर असताना आधी काढा बंद करायचा असतो. यात होतं असं की गुळवेल प्रतिकारशक्तीला डिवचते आणि काही जणांमध्ये तीच शक्ती स्वतःच्या लिव्हरवर उलटते, आणि ज्यांना असाच प्रतिकारशक्ती स्वतःवर उलटण्याचा, म्हणजे ऑटोइम्यून आजार (थायरॉईडचा बऱ्याचदा तसाच असतो) आधीच आहे त्यांना धोका जास्त दिसतो. काकूंच्या रक्तात एएनए, म्हणजे असं उलटणं सुचवणारी तपासणी, पॉझिटिव्ह आली, लिव्हरच्या बायोप्सीतही तसंच दिसलं. काढा आणि पावडर दोन्ही बंद करून, प्रतिकारशक्तीला आवरायला स्टेरॉईड सुरू केलं.

आता माझ्या कामाचं. कावीळ म्हणून घरच्यांनी त्यांचं तेल, तूप, हळद, मीठ सगळं तोडलं होतं, नुसता भात, ताक आणि दिवसातून दोनदा उसाचा रस, तोही स्टँडवरचा, बर्फ घातलेला. पावसाळ्यात तो बर्फ आणि ते पाणी कुठलं कोण सांगणार, वर त्यातूनच दुसरी कावीळ व्हायची. आणि आजारी लिव्हरला उपाशी ठेवून भलं होत नाही, स्नायू झिजतात, अशक्तपणा वाढतो. फोडणीतल्या हळदीने कावीळ वाढत नाही हे सुनेला पटवायला मला बराच वेळ लागला (मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल ही वेगळी गोष्ट, त्याने लिव्हर बिघडल्याच्या केसेस बऱ्याच आहेत, स्वयंपाकातली चिमूटभर हळद वेगळी). मी लिहून दिलं, ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, उकडलेलं अंडं, दही, दुधी नाहीतर दोडका, थोडं थोडं करून पाचसहा वेळा, रात्री झोपायच्या आधी दूध आणि एखादी दशमी. स्टेरॉईडमुळे मीठ जरा हात राखून आणि साखरेवर लक्ष.

मुलगा संध्याकाळी आला, फार अपराधी वाटत होतं त्याला. म्हणाला, मॅडम नॅचरल आहे म्हणूनच दिलं हो. मी म्हटलं, दादा, वनस्पतीत ताकद आहे म्हणून तर ती औषध होते, मग त्या ताकदीला डोस पाहिजे, किती दिवस ते पाहिजे आणि कोणीतरी नाडी, रक्त बघणारं पाहिजे. आयुर्वेदावर माझा राग नाही, उलट जाणते वैद्य असं बेहिशेबी कधीच देत नाहीत. भुईआवळ्याचंच बघा, 1988 मध्ये चेन्नईच्या अभ्यासात हिपॅटायटिस बी वर फार चांगला निकाल आला होता, सगळ्यांना आशा वाटली, पण पुढच्या अभ्यासांत तसं दिसलं नाही. म्हणून कुठलीही वनस्पती असो, तपासत राहायला लागतं.

आणि ज्या फॅटी लिव्हरपासून हे सुरू झालं त्याला काय लागत होतं? काकूंचं वजन 78 किलो. पाच टक्के म्हणजे चारेक किलो उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते, सात ते दहा टक्क्यांवर सूजसुद्धा उतरायला लागते. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, एवढं सोडलं असतं, जेवणात कडधान्य आणि भाजी वाढवली असती आणि संध्याकाळी शेताच्या बांधावरून अर्धा पाऊण तास चाललं असतं तर तेच लिव्हरला पोषक होतं. बिनसाखरेची कॉफी पण लिव्हरला चांगली, हे पुष्कळ अभ्यासांत आलंय, पण ती कोणी फॉरवर्ड करत नाही.

तीन महिन्यांनी काकू दाखवायला आल्या तेव्हा बिलिरुबिन नॉर्मलला आलं होतं, स्टेरॉईड हळूहळू कमी करत आणलं होतं. त्यांनी विचारलं, आवळा खाल्लेला चालंल का? म्हटलं खुशाल, ताजा खा, कोशिंबिरीत खा, फक्त अर्काच्या गोळ्या नकोत. गावात अजून तिघीजणी तोच काढा घेत होत्या, काकूंनी स्वतः जाऊन त्यांना एसजीपीटी करायला लावलं, एकीचं थोडं वाढलेलं निघालं आणि काढा थांबवल्यावर उतरलं.

डॉक्टरांनी या केसचा औषध-दुष्परिणामाचा फॉर्म भरून पाठवला. हा फॉर्म पेशंट स्वतःसुद्धा भरू शकतो, 1800-180-3024 हा त्याचा टोल फ्री नंबर आहे. आणि आमच्या वॉर्डच्या आहाराच्या फॉर्मवर मी आता काढा, चूर्ण, रस, पावडर, कॅप्सूल असे पाच वेगळे रकाने करून घेतलेत, नवीन रेसिडेंट डॉक्टर ऍडमिशनलाच ते भरतात.