आठ सप्टेंबरचे पान

रविवार, ८ सप्टेंबर २०२४
दादर, रात्री पावणेबारा

गिरगावातल्या एका चाळीच्या गणेशोत्सवातला कार्यक्रम आटोपून मी आत्ताच घरी पोहोचले आहे. दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन आजच असल्यामुळे चर्नी रोड स्थानकाच्या पुलावर अक्षरशः पाऊल पाऊल सरकावे लागले. गाडीत माझ्या समोरच्या बाकावर एक आजी मांडीवर रिकामा पाट घेऊन बसल्या होत्या. पाटावर चौपाटीची मूठभर वाळू होती आणि ती सांडू नये म्हणून दादर येईपर्यंत त्यांनी त्यावर हाताचा पंजा धरून ठेवला होता. अंग थकले आहे, परंतु आजचे आजच लिहिले नाही तर उद्या त्यातले निम्मे निसटून जाईल.

गेली बावीस वर्षे मी गाण्यांच्या कार्यक्रमांचे निवेदन करते. दोन गाण्यांच्या मध्ये जे बोलायचे त्याला काही आधार असावा, नुसती विशेषणांची उधळण होऊ नये, म्हणून सुरुवातीपासून मी एक लांब, जाड पुठ्ठ्याची वही ठेवली आहे. तिच्यात वर्षाच्या प्रत्येक तारखेला एक पान आहे आणि त्या तारखेला जन्मलेल्या गायक, वादक, संगीतकारांची नावे मी त्या पानावर लिहीत आले आहे. शाईने लिहिलेले नाव खात्रीचे, पेन्सिलीने लिहिलेले अजून पडताळायचे. २९ फेब्रुवारीलाही पान आहे. त्यावर अमेरिकन वाद्यवृंदप्रमुख जिमी डॉर्सी आणि भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची नावे आहेत. दोघांचे सालही एकच, १९०४. रुक्मिणीदेवी नृत्याच्या, हे मला ठाऊक आहे, परंतु त्या पानावरून त्यांना उठवायला माझे मन धजावले नाही.

आजच्या पानावर सर्वांत वर आशा भोसले. १९३३ साली सांगलीकडे जन्मलेली दीनानाथ मंगेशकरांची ही मुलगी १९४३ सालच्या ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटासाठी पहिल्यांदा गायली, तेव्हा ती दहा वर्षांचीही पुरती नव्हती. आज त्या ९१ वर्षांच्या झाल्या. आठ सप्टेंबरला मुंबईतल्या मराठी माणसांसमोर उभे राहायचे आणि आशाताईंचे नाव घ्यायचे नाही, हे होऊच शकत नाही; मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मला बोलावले तेही त्याचसाठी. मात्र त्याच पानावर, त्यांच्या नावाखाली, भूपेन हजारिका आहेत. जन्म १९२६, आसामातले सदिया. आशाताईंचे नाव घेताच मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि भूपेनदांचे नाव घेतल्यावर काही जण नुसते एकमेकांकडे पाहू लागले. दोघांनाही दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, १९९३ सालच्या ‘रुदाली’ या चित्रपटाचे संगीत भूपेनदांचे होते आणि त्यात आशाताई गायल्या, एवढे सांगितल्यावर मग माना हलू लागल्या.

पण आज मला खरे सांगायचे होते ते याच पानावरच्या तिसऱ्या नावाविषयी. ते नाव चेक संगीतकार अंतोनिन द्वोर्झाक, जन्म १८४१, प्राग शहराजवळच्या नेलाहोझेवेस नावाच्या खेड्यातला. वडील खाटीक, शिवाय गावातली खाणावळही चालवणारे. हे नाव मी वहीत लिहिले त्याला पंधरा-एक वर्षे झाली असतील आणि इतकी वर्षे मला ते परके वाटत आले होते. गेल्या महिन्यात संहिता लिहिताना मात्र मी त्याच्याविषयी नीट वाचले आणि वाचता वाचता थबकले. १८९२ ते १८९५ ही वर्षे द्वोर्झाक न्यू यॉर्कमधल्या एका संगीतशाळेचा प्रमुख होता. तिथे हॅरी बर्ले नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी त्याला आपल्या लोकांची गाणी गाऊन दाखवत असे. गुलामगिरीत राबणाऱ्या माणसांनी देवाला घातलेल्या हाकांची ती गाणी. ती ऐकून १८९३ साली द्वोर्झाकने जाहीरपणे सांगितले की अमेरिकेच्या पुढच्या संगीताचा पाया याच गाण्यांवर उभा राहिला पाहिजे. ज्या समाजात त्या लोकांना माणूस म्हणूनही मोजले जात नव्हते, तिथे एका परदेशी पाहुण्याने असे म्हणायला केवढे धैर्य लागले असेल! पुढे ही गाणी मोठमोठ्या सभागृहांत पोहोचली, आणि ती तिथे गाणाऱ्यांत पॉल रोब्सन हा एक थोर आवाज होता.

भूपेन हजारिका १९४९ साली न्यू यॉर्कला गेले ते कोलंबिया विद्यापीठात संशोधन करायला, आणि १९५२ साली त्यांनी तिथून डॉक्टरेट मिळवली. पण त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते रोब्सनच्या भेटीने. रोब्सन मिसिसिपी नदीवरचे गाणे गात असे. माणसांचे हाल पाहतही ती नदी गप्प वाहत राहते, असे ते गाणे. भूपेनदा आसामला परतले आणि त्यांनी तोच प्रश्न ब्रह्मपुत्रेला, तिच्या आसामी नावाने, लुइतला विचारला. हिंदीत तो गंगेला विचारला गेला. म्हणजे १८४१च्या आठ सप्टेंबरला जन्मलेल्या एका माणसाने ज्या गाण्यांची थोरवी जगाला ओरडून सांगितली, त्याच गाण्यांच्या कुळातल्या एका गायकाने १९२६च्या आठ सप्टेंबरला जन्मलेल्या दुसऱ्या माणसाला त्याच शहरात घडवले. दोघांची भेट होणे शक्यच नव्हते, कारण द्वोर्झाक १९०४ मध्येच वारला. हे मी आज मंडपात सांगितले. निवेदन लांबले, ध्वनिव्यवस्थेच्या मुलाने दोनदा घड्याळ दाखवले, तरीही मी ते पुरे केले. त्यानंतर आमच्या गायकाने गंगेचे गाणे घेतले, तेव्हा मागच्या रांगेतल्या खुर्च्यांचा करकर आवाजही थांबला होता.

तारखेत काही गुण असतो असे मला या साऱ्यातून म्हणायचे नाही. कार्यक्रमानंतर नेहमी कोणीतरी येऊन सांगते की आठ तारखेचा अंक अमुक ग्रहाचा, म्हणून ही माणसे कलावंत झाली. मला हे पटत नाही आणि मी तसे स्पष्ट सांगते. आशाताईंचा आवाज त्यांच्या वडिलांच्या शिकवणीतून, गरजेतून आणि सत्तर-ऐंशी वर्षांच्या कष्टांतून आला आहे. तो एका अंकाच्या खात्यावर जमा करणे म्हणजे त्या कष्टांचा अपमान आहे. शिवाय एका तारखेला अनेक जण जन्मणे ही दुर्मीळ गोष्टही नव्हे. आमच्या वाद्यवृंदात ऑक्टोपॅड वाजवणारा मुलगा अभियांत्रिकीला आहे. त्याने मला एकदा तालमीच्या मध्यंतरात समजावून दिले होते की कोणतीही २३ माणसे एकत्र आली, तर त्यांतल्या कोणा दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते, आणि ५७ माणसे असली तर ती शंभरात ९९ इतकी होते. माझा विश्वास बसेना, तेव्हा त्याने पंगतीचा दाखला दिला. २३ माणसे पंगतीला बसली तर जोड्या किती होतील? प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावली तर २५३. एवढ्या जोड्यांमधली एखादी जुळली तर नवल कसले? मात्र ‘माझ्याच’ तारखेचे कोणी भेटायला हवे असेल, तर निम्म्या शक्यतेसाठीसुद्धा २५३ माणसे शोधावी लागतात. माझ्या वहीत आठशेच्या वर नावे आहेत. त्यामुळे पानोपानी सोबती असणारच.

तरीही या सोबतीचे मला मोल वाटते. लोकलच्या डब्यात शेजारी बसलेल्या माणसांनी एकमेकांना निवडलेले नसते, तसेच हे आहे. घराणे, भाषा, धर्म, मानमरातब यांपैकी काहीही न विचारता तारीख दोघांना एका पानावर बसवते, आणि एरवी ज्याच्याकडे मी फिरकलेही नसते त्याचे गाणे मला ऐकावे लागते. ७ एप्रिलला पंडित रविशंकर आणि बिली हॉलिडे आहेत. १६ सप्टेंबरला एम. एस. सुब्बुलक्ष्मी आणि गिटारवर ब्लूज गाणारे बी. बी. किंग आहेत. या दुसऱ्या पानामुळे मी एक अख्खी रात्र आधी सुब्बुलक्ष्मींचे मीरेचे भजन आणि लगेच किंगची गिटार असे आलटून पालटून ऐकले आहे. आर्जव म्हणजे काय ते दोघांकडूनही कळते. बगदादमध्ये जन्मलेले आपले मदन मोहन आणि इंग्लंडचा जॉर्ज मायकेल २५ जूनला, बप्पी लाहिरी आणि जिमी हेन्ड्रिक्स २७ नोव्हेंबरला. आज द्वोर्झाकबरोबर आणखी एक पाहुणी आहे, अमेरिकेची गायिका पॅट्सी क्लाइन. ती आशाताईंहून बरोबर एका वर्षाने मोठी, आणि १९६३ साली विमान अपघातात गेली तेव्हा अवघी तीस वर्षांची होती. आशाताई १९६३ नंतर काय काय गायल्या ते आठवले की पॅट्सीचे नाव पाहून मला दर वर्षी हळहळ वाटते.

पेन्सिलीने लिहिण्याची सवय मला एका चुकीमुळे लागली. निवेदनाला लागून दोनच वर्षे झाली होती. एका कात्रणावर विसंबून मी रंगमंचावरून एका गायकाचा वाढदिवस जाहीर केला, टाळ्याही घेतल्या, आणि मध्यंतरात एक वृद्ध गृहस्थ विंगेत येऊन अत्यंत सौम्यपणे म्हणाले, “बाई, ती तारीख चुकीची आहे. ते माझे शेजारी होते.” त्यांनी आणखी एक शब्दही उच्चारला नाही. त्या रात्री मी वहीतले प्रत्येक नाव पुन्हा पडताळायला घेतले आणि तेव्हा लक्षात आले की जन्मतारीख ही वाटते तितकी साधी गोष्ट नाही. ४ ऑगस्टच्या पानावर १९२९ सालचे, खांडव्याचे किशोरकुमार आहेत आणि त्यांच्या शेजारी अमेरिकेचा जॅझ वादक-गायक लुई आर्मस्ट्राँग. आर्मस्ट्राँग जन्मभर आपली तारीख ४ जुलै १९००, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, अशी सांगत राहिला. तो १९७१ साली गेला, आणि पुढे १९८०च्या दशकात न्यू ऑर्लीन्सच्या एका चर्चमधली त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद हाती आली. तिच्यात ४ ऑगस्ट १९०१ असे होते. ज्या वस्तीत तो जन्मला तिथे मुलाची तारीख ध्यानात ठेवायला कोणाला सवड होती? बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या २१ मार्चच्या पानावर जर्मन संगीतकार बाख आहे, पण ती जुन्या ज्युलियन पंचांगातली २१ मार्च. आजच्या मोजणीने ती ३१ मार्च होते. आपल्याकडे तिथी आणि तारीख यांचे जे होते तेच.

हे सारे आठवायचे कारण आमचे पेटीवादक अण्णा. कार्यक्रम संपल्यावर ते पेटीचा भाता दाबून खिट्ट्या लावत होते. त्या पेटीवर डाव्या बाजूला त्यांच्या मनगटाने लाकडाचे पॉलिश पार उडाले आहे. मी सहज विचारले, “अण्णा, तुमची तारीख मी कधी विचारलीच नाही.” ते म्हणाले, “एक जून. पण ती माझी नाही ताई, गुरुजींची आहे.” शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होत असे, आणि ज्या मुलांच्या जन्माची नोंद नसे त्यांना गुरुजी हिशेबाला सोपी अशी ही तारीख लावून टाकत. महाराष्ट्रातल्या कितीतरी खेड्यांत एका पिढीच्या निम्म्या वर्गाचा वाढदिवस एकच निघतो. माझ्या वहीत १ जूनला एकच परदेशी गायिका आहे, कॅनडाची ॲलानिस मॉरिसेट. आमच्या गावागावांतले किती पेटीवाले, ढोलकीवाले, भजनी मंडळातले पखवाजवाले त्या पानावर कागदोपत्री बसलेले असतील, याचा विचार मी आजवर केला नव्हता.

“मग खरी तारीख?” मी विचारले. अण्णा मुळशीकडचे. ते म्हणाले, “आई म्हणायची, पानशेत फुटलं त्या वर्षी, गौरी जेवल्या त्या दिवशी झालास.” पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. त्या साली गौरीपूजन कोणत्या तारखेला होते ते कोणतेही जुने पंचांग सांगेल. म्हणजे या माणसाची जन्मतारीख हरवलेलीच नाही. ती त्रेसष्ट वर्षे एका वाक्यात नीट जपून ठेवलेली आहे, फक्त कोणी उघडून पाहिलेली नाही. मी त्यांना तसे सांगितले. त्यांनी पेटीवर गवसणी चढवली, नाडी बांधली आणि मग विचारले, “तारीख निघाली तर त्या पानावर आधीपासून कोण कोण आहे, तेवढं सांगाल का मला?”

उद्या सकाळी मी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन १९६१चे पंचांग पाहायला मिळेल का ते विचारणार आहे. यंदा गौरी मंगळवारी येतात आणि बुधवारी जेवतात, म्हणजे तिथीने अण्णांचा वाढदिवस अवघ्या तीन दिवसांवर आला आहे. एका कोऱ्या चिठ्ठीवर त्यांचे पूर्ण नाव शाईने लिहून ती मी वहीत, सप्टेंबरच्या पानांमध्ये ठेवली आहे.