तुम्ही विचारलंत म्हणून: त्या ट्रेडिगरमध्ये आहे तरी काय?

मी राहते ते ट्रेडिगर म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्समधलं एक गाव. जालन्याला माहेरी गेले की आणि वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला फराळाला मराठी मंडळी जमली की, दोन्हीकडे मला एकच प्रश्न येतो, अगं त्या ट्रेडिगरमध्ये आहे तरी काय, कार्डिफला घर का घेत नाही? दरवेळी काहीतरी बोलून मी विषय बदलते, कारण दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाहीच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आलो ते ह्यांच्या हॉस्पिटलातल्या नोकरीमुळे. पहिल्या आठवड्यात भाजी आणायला निघाले आणि सर्कलवर, म्हणजे गावाच्या मधल्या चौकात, ते घड्याळ दिसलं. ७२ फूट उंच, सगळं ओतीव लोखंडाचं, १८५८ सालचं. लोखंड कारखान्याच्या मॅनेजरच्या बायकोने, मिसेस डेव्हिसनी, पुढाकार घेऊन बाजार भरवला, त्यातून जमलेल्या पैशातून हे उभं राहिलं, तसं त्यावर कोरलेलं आहे. आणि फिरून दुसऱ्या बाजूला गेले तर तिथे नाव कोणाचं, तर वेलिंग्टनचं! मी जालन्याची, आमच्या जिल्ह्यात केळणा-जुईच्या संगमापाशी आसई आहे, तिथे २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली तो हाच, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. शाळेत ते नाव आम्ही वेगळ्या बाजूने शिकलो होतो. हातात पिशव्या धरून मी किती वेळ तिथे उभी होते कोण जाणे.

तर हे गाव म्हणजे कारखान्यानेच वसवलेलं गाव. १८०० साली सॅम्युएल होमफ्रे आणि त्याच्या भागीदारांनी मॉर्गन घराण्याची जमीन भाडेपट्ट्याने घेऊन इथे लोखंडाच्या भट्ट्या सुरू केल्या, गावाला नावसुद्धा त्या घराण्याच्या वाड्याचंच. भट्ट्यांना कोळसा हवा म्हणून खाणी आल्या, खाणींना माणसं हवी म्हणून आजूबाजूच्या वेल्श खेड्यांतून, इंग्लंडातून, आयर्लंडातून माणसं आली. होमफ्रेंचं बेडवेल्टी हाऊस अजून आहे, त्याच्या बागेत कोळशाचा एकच अखंड दगड ठेवलाय, १५ टनांचा. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनासाठी कामगारांनी तो खाणीतून काढला, पण नेताना फुटेल या भीतीने पाठवलाच नाही, तेव्हापासून इथेच आहे. पाऊस पडून गेल्यावर बघा कधी. आपण कोळसा म्हणतो तो काळा धुरकट, हा मात्र ओलसर हवेत निळसर चमकतो आणि त्यातले थर पोळीच्या पदरांसारखे सुटे सुटे दिसतात. पंधरा टन म्हणजे काय ते आकडा ऐकून कळत नाही, त्याच्या शेजारी उभं राहिलं की कळतं, आणि मग हा माणसांनी हाताने काढलाय हे आठवलं की पोटात कसंतरी होतं.

आता मुख्य गोष्ट. खाणकामगाराच्या पगारातून डॉक्टरसाठी पैसे कापायची पद्धत या भागात जुनीच होती. पण ट्रेडिगरच्या कामगारांनी १८९० मध्ये स्वतःची मेडिकल एड सोसायटी काढली. पौंडामागे ३ पेन्स, जुन्या पौंडाचे २४० पेन्स म्हणजे शेकडा सव्वा, एवढे कापायचे आणि त्यात घरातल्या सगळ्यांचं औषधपाणी. पुढे त्यांनी पाच डॉक्टर, एक सर्जन, औषध देणारे दोघे, फिजिओथेरपिस्ट, दातांचा डॉक्टर, घरोघरी जाणारी नर्स, हे सगळे पगारी नेमले. मालकाकडून उपकार म्हणून आलेलं यातलं काही नव्हतं, कमिटी कामगारांची आणि पैसेही त्यांचेच. सर्कलवरच १० नंबरच्या इमारतीत ऑफिस होतं, आमच्या शेजारच्या आजी अजून त्याला "आमची सोसायटी" म्हणतात, त्यातल्या "आमची" वर जोर देऊन.

याच गावात १५ नोव्हेंबर १८९७ ला अनायरिन बेव्हन जन्मले, इथे सगळे त्यांना नाय म्हणतात. तेराव्या वर्षी ते टी ट्रिस्ट खाणीत उतरले (वेल्शमध्ये शब्दशः दुःखी घर, खाणीला असं नाव!), वडीलही खाणीतच, ते फुप्फुसात धूळ बसून १९२५ मध्ये गेले. लहानपणी अडखळत बोलणारा हा मुलगा पुढे खासदार झाला, १९४५ ला ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे सगळ्यांसाठीची सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली. सगळ्या देशाला आम्ही ट्रेडिगरसारखं करून टाकणार, अशा अर्थाचं ते म्हणाले होते. आमच्यासारखे कितीतरी मराठी डॉक्टर आणि नर्सेस ज्या एनएचएसवर पोट भरतात त्याचं मूळ या चौकात आहे, हे मला इथे यायच्या आधी माहीतच नव्हतं. आणि हिशोब एका बाजूचा नाही हं, पुढे या खोऱ्यांतल्या गावांना इथले डॉक्टर मिळेनात तेव्हा भारत-पाकिस्तानातून आलेल्या डॉक्टरांनीच इथले दवाखाने चालवले.

सगळंच चांगलं सांगणं बरोबर नाही. १९ ऑगस्ट १९११ च्या रात्री याच रस्त्यांवर ज्यूंची दुकानं फोडली, लुटली, ते लोण शेजारच्या गावांतही गेलं, शेवटी सैन्य आणावं लागलं. त्याआधी १८८२ मध्ये आयरिश लोकांवर असेच हल्ले झाले होते. सोसायटीत पैसे भरणारं गाव आणि ते काचा फोडणारं गाव एकच, आणि परकी म्हणून इथे राहताना ते मला विसरता येत नाही, विसरायचंही नाही.

या भागातल्या खाणी गेल्या, टी ट्रिस्ट १९५९ ला बंद झाली, पुढच्याच वर्षी गावची पॅसेंजर गाडीही. मुख्य रस्त्यावर रिकामे गाळे दिसतात, ते खरंच आहे.

पण कधी आलात तर मी तुम्हाला आधी चौकात नेणार नाही. वर केव्हन गोलायला नेईन, उघड्या माळावर, जाकीट घालून या, वारा फार असतो. तिथे १८३२ आणि १८४९ च्या कॉलऱ्यात गेलेल्यांची दफनभूमी आहे, गावापासून लांब, मेंढ्या चरत असतात आणि दगड वाकडेतिकडे कलले आहेत. एका दगडावर वीस वर्षांच्या मुलाचं नाव आहे, ऑगस्ट १८४९, आणि खाली त्याच्याच तोंडी लिहिलंय की एक रात्र आणि एक दिवस मी फार कळा सोसल्या, बरं होण्यासाठी केलं ते सगळं वाया गेलं. ते वाचा, आणि मग आपण खाली सर्कलवर १० नंबरला जाऊ.